एल्विन आठवतात, शामराव का नाहीत?

महोदय,

आदिवासींचे अभ्यासक व्हेरिअर एल्विन यांच्याविषयी मराठीत काही छापून आले की लेख थेट नेफाच्या (आजच्या अरुणाचल प्रदेशाच्या) डोंगरात सुरू होतो. नेहरू, शिलाँग, १९६१ चे पद्मभूषण. पुणे एका वाक्यात उरकले जाते आणि त्यांचे जन्माचे सोबती शामराव हिवाळे यांच्या वाट्याला पुष्कळदा तेवढेही येत नाही. सारी नोकरी कॉलेजच्या ग्रंथालयात झाल्यामुळे मला हे जरा जास्तच खटकते. आमच्या कार्डांच्या खणात एल्विन यांची कार्डे बोटभर जाडीची होती, कडा मळून काळ्या झालेली. शामरावांचे कार्ड कोरे करकरीत.

एल्विन बिशपचे चिरंजीव, ऑक्सफर्डचे हुशार विद्यार्थी आणि चर्च ऑफ इंग्लंडचे दीक्षित पाद्री. १९२७ च्या अखेरीस ते पुण्यात आले ते जॅक विन्स्लो यांच्या ख्रिस्त सेवा संघात. (रेव्हरंड टिळकांचे इंग्रजी चरित्र लिहिणारे ते हेच विन्स्लो.) शिवाजीनगरच्या आश्रमात गोरे पाद्री खादी नेसून जमिनीवर पंगतीला बसत आणि हाताने शाकाहारी जेवत. साहेबांच्या क्लबात याची काय चर्चा होत असेल, ती होवो. इथेच एल्विन रिचर्ड रोल या मध्ययुगीन इंग्रज विरक्ताला 'ख्रिश्चन संन्यासी' ठरवून पुस्तक लिहून बसले, 'क्राइस्ट अँड सत्याग्रह' लिहून सरकारच्या डोळ्यांत खुपले, आणि इथेच त्यांना शामरावांची जन्माची सोबत मिळाली.

४ जानेवारी १९३२ च्या पहाटे मुंबईत मणिभवनाच्या गच्चीवर गांधीजींना अटक झाली, तेव्हा हे दोघेही तिथे होते. सोमवार म्हणजे गांधीजींचा मौनवार. पोलीस समोर उभे, आणि गांधीजी कागदावर लिहून निरोप देताहेत. त्यातला एक एल्विन यांच्यासाठी होता: माझे माझ्या देशबांधवांवर आहे तेवढेच प्रेम तुमच्या देशबांधवांवरही आहे, हे त्यांना सांगा. मग गाडी निघाली ती आपल्या येरवड्याकडे. एल्विन यांनी हा प्रसंग लिहून ठेवला आहे.

त्याच महिन्यात दोघे मंडला जिल्ह्यातल्या करंजियाला गेले. कुडाच्या झोपड्या, शाळा, दवाखाना, पुढे कुष्ठरोग्यांसाठी आसरा. धर्मांतराचे नाव नाही, म्हणून नागपूरच्या बिशपांशी बिनसले आणि १९३५ मध्ये एल्विन चर्चमधूनच बाहेर पडले. गावकरी त्यांना बडा भाई म्हणत, शामरावांना छोटा भाई. बडा भाई लिहायला बसे किंवा दौऱ्यावर जाई, तेव्हा रोग्यांची जखम धुणे, भांडणे मिटवणे, धान्याची तजवीज हे सगळे छोट्या भाईच्या गळ्यात. 'द बैगा', 'द अगारिया', मुरिया आदिवासींच्या घोटुलवरचा, म्हणजे तरुण मुलामुलींच्या सामाईक घरावरचा ग्रंथ, ही मोठी कामे या पाठबळावर उभी आहेत. शामरावांनी स्वतः परधान या जमातीवर १९४६ मध्ये पुस्तक लिहिले, त्याच वर्षी एल्विन यांचे चरित्रही. मला विचाराल तर परधानांवरचे पुस्तक वाचावे. त्यात माणसे ओळखीची होऊन येतात.

एल्विन यांना देव्हाऱ्यात बसवा असे मी म्हणत नाही. कोसी या कोवळ्या वयाच्या गोंड मुलीशी त्यांनी लग्न केले, पुढे घटस्फोट झाला, आणि आत्मचरित्रात तिचा विषय त्यांनी मोजक्या शब्दांत संपवला. इतरांच्या लग्नसंबंधांवर पानेच्या पाने लिहिणाऱ्याला हे शोभले नाही. आदिवासींना बाहेरच्या जगापासून राखून ठेवावे या त्यांच्या सुरुवातीच्या मताचा डॉ. गो. स. घुर्ये यांनी १९४३ मध्ये खरपूस समाचार घेतला. ते पुस्तक काढले पुण्याच्याच गोखले इन्स्टिट्यूटने. म्हणजे एल्विन घडले शिवाजीनगरला आणि त्यांच्यावरची सर्वांत कडक टीका छापून निघाली तीही याच गावातून. एवढा ऐवज दाराशी असून आपण त्यावर साधी एक व्याख्यानमाला ठेवत नाही. वसंत व्याख्यानमाला आली की विषय मात्र तेच ते!

जुन्या नामवंतांच्या राहत्या घरांवर महापालिकेने निळे फलक लावले आहेत. शिवाजीनगरच्या आश्रमाची परवानगी घेऊन असा एक फलक तिथेही लावावा, अशी माझी मागणी आहे. मजकूर मराठीत असावा. नावे दोन असावीत, एकाच आकाराच्या अक्षरांत. 'एल्विन व त्यांचे सहकारी' असले काही रंगवून ठेवणार असाल, तर राहू द्या.

आपला,
एक निवृत्त ग्रंथपाल
नारायण पेठ, पुणे