काच फुटली की फोडली? शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

माननीय शिक्षणमंत्री,
सप्रेम नमस्कार.

मी सातवी-आठवीला मराठी शिकवते. परवा फळ्यावर दोन वाक्यं लिहिली : ‘काच फुटली’ आणि ‘मी काच फोडली’. विचारलं, घरी यातलं काय सांगता? अख्खा वर्ग हसला. म्हणजे कर्ता कसा लपवायचा, हे मुलांना व्याकरणाचं पुस्तक उघडण्याआधीपासून येतं. मग त्याखाली लिहिलं : ‘दर वाढले’, ‘दर वाढवले’. हसू ओसरलं. मागच्या बाकावरून प्रश्न आला, “पण बाई, वाढवले कुणी?”

हा प्रश्न आपल्या परीक्षेत कुठेच बसत नाही, एवढीच माझी तक्रार आहे. परीक्षेत येतं ‘प्रयोग ओळखा’, गुण एक. मुलं खुणा पाठ करतात : कर्त्याला ‘ने’ दिसला की कर्मणी, त्यात कर्मालाही ‘ला’ असला की भावे. गुण पदरात पडतो आणि प्रयोग तिथेच मरतो. 2007 साली स्टीव्ह ग्रॅहम आणि डोलोरेस पेरिन या संशोधकांनी अमेरिकेत चौथी ते बारावीच्या मुलांना लेखन शिकवण्यावरचे अभ्यास एकत्र तपासले. नुसतं सुटं व्याकरण शिकवून लेखन सुधारलेलं दिसलं नाही. छोटी वाक्यं जोडून मोठं वाक्य बांधण्याच्या सरावाने मात्र सुधारलं. ते वर्ग इंग्रजीचे होते, हे खरं. पण वह्या तपासताना मला वेगळं काही दिसत नाही.

व्याकरण कामाला लावायचं तर ते पटवून देणाऱ्या मजकुरावर लावावं. ‘तो हळू आहे, पण मेहनती आहे’ आणि ‘तो मेहनती आहे, पण हळू आहे’ : शब्द तेच, पण नोकरी एकालाच मिळेल. उभयान्वयी अव्ययाची व्याख्या घोकण्यापेक्षा हे दोन मिनिटांत कळतं. ‘हाच साबण’ यातल्या ‘च’ने बाकीचे साबण कसे बाद केले, तेही. ‘तज्ज्ञांच्या मते’ म्हटलं की कोणते तज्ज्ञ, हे विचारायची सवय लागते. आपण मुलांना जाहिरात लिहायला शिकवतो. ती उसवून बघायला शिकवत नाही.

‘आपण’ आणि ‘आम्ही’ हा तर मराठीचा खजिनाच. ‘आपण’ ऐकणाऱ्याला आत घेतो, ‘आम्ही’ त्याला दाराबाहेर ठेवतो. एका भाषणात मुलांना हे दोन शब्द अधोरेखित करायला दिले होते. एका मुलीने वहीत लिहिलं : ‘कष्ट आपण करायचे आहेत आणि यश आम्ही मिळवलं आहे.’

नवं पुस्तक नको. प्रश्नपत्रिकेत एक न पाहिलेला उतारा द्या. जाहिरात, आवाहन, अग्रलेख, काहीही चालेल. त्यावर विचारा, लेखकाला काय पटवायचंय आणि त्यासाठी त्याने कोणते शब्द कामाला लावलेत? आणि आधी आमचं प्रशिक्षण घ्या, कारण आम्हीही खुणा पाठ करूनच पास झालो.

हे पत्र पाठवण्याआधी वर्गात वाचून दाखवलं. पहिल्याच परिच्छेदावर हरकत आली : “अख्खा वर्ग कुठे? त्या दिवशी चौघं गैरहजर होती.” शब्द तसाच ठेवला आहे, दुरुस्ती इथे नोंदवते.

आपली,
मराठीची एक शिक्षिका