प्रेमकथेतला ‘दुसरा’ समाज

महोदय,

आपल्या पुरवणीतील आंतरसांस्कृतिक प्रेमकथांवरच्या चर्चेत कोणत्या समाजाचे किती कलाकार घेतले, याचाच हिशेब जास्त होता. तो हवाच. पण पडद्यावर त्या माणसांना काय करायला दिले, हे पाहिल्याशिवाय प्रतिनिधित्व कळत नाही.

मीरा नायर यांचा ‘मिसिसिपी मसाला’ (१९९१) या दृष्टीने पुन्हा पाहावा. ऑगस्ट १९७२ मध्ये हुकूमशहा इदी अमीनने युगांडातल्या आशियाई लोकांना ९० दिवसांची मुदत देऊन हाकलले. त्यांतले एक कुटुंब पुढे अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यातल्या ग्रीनवुड गावात नातेवाइकांच्या मोटेलच्या आधाराने राहते. मुलगी मीना तिथे न्हाणीघरे घासते. तिच्यावर जीव जडलेला कृष्णवर्णीय डिमेट्रियस बँकेच्या कर्जावर गालिचे धुण्याचा धंदा चालवतो आणि मोटेलवाले भारतीय त्याचे गिऱ्हाईक आहेत. दोघांचे प्रकरण उघड होताच त्याची कामे जातात आणि बँकही कर्जावरून अडवते. वर्णभेदावर कुणी भाषण ठोकत नाही, तरी त्याची किंमत नेमकी कोण मोजतो ते लख्ख दिसते. मीनाच्या सावळ्या रंगावरून आणि घरच्या ओढगस्तीवरून भारतीय बायका तिच्या लग्नाचा भाव ठरवतात, तो प्रसंग तर आपल्या घरांतलाच आहे. सुनी तारापोरवाला यांच्या पटकथेने आपल्या माणसांना इथे जराही पाठीशी घातलेले नाही. एक उणीव मात्र जाणवते: युगांडातला ओकेलो हा मीनाच्या वडिलांचा निष्ठावान मित्र यापलीकडे फारसा उलगडत नाही.

आपल्याकडे ‘एक दूजे के लिए’ (१९८१) गोव्यात घडतो. तमिळ आणि हिंदी भाषक घरांचे भांडण रंगते, पण गोमंतकीय माणूस कथेच्या कडेलाच राहतो. हिंदी भाषेचा धडाही तमिळ नायक वासूलाच गिरवावा लागतो. आज मराठी घर दाखवायचे तर नथ, मुंडावळ्या आणि ‘आई गं’ एवढ्यावर भागवतात. त्या घराची कमाई कशावर चालते, घरात शेवटचा शब्द कुणाचा असतो, हे प्रेक्षकाला कळतच नाही.

चूक बहुतेक वेळा भाषासल्लागाराला उशिरा बोलावल्याने होते. डबिंगला बोलावला तर तोवर ओठांची हालचाल चित्रित झालेली असते. तेवढ्याच मापात शब्द बसवायचे म्हटले की वाक्य मूळ हिंदी वळणाचेच राहते, त्यावर फक्त हेल चढवता येतो. सल्लागार संवादलेखनाच्या वेळीच लेखकासोबत बसला पाहिजे, नंतर नटांच्या वाचनाला आणि सेटवरही हजर हवा. लग्नाच्या प्रसंगाचा क्रमही आधी कागदावर ठरवावा. मंगलाष्टके संपून अंतरपाट दूर झाल्यावर माळा घालतात. हे चित्रीकरणाच्या दिवशी लक्षात आले, तर कॅमेऱ्याच्या जागा ठरून गेलेल्या असल्याने कुणी बदलत नाही.

पटकथा तपासताना एक सोपी कसोटी लावता येईल. ‘दुसऱ्या’ समाजाची माणसे, नायक-नायिका जवळ नसताना, आपसांत आपल्या भाषेत बोलतात असा एक तरी प्रसंग आहे का? नसेल तर ती माणसे केवळ लग्नातला अडथळा म्हणून लिहिलेली असतात.

आपल्या समीक्षकांनी दिग्दर्शकांना हे प्रश्न विचारावेत आणि भाषासल्लागार कोण होता, कोणत्या टप्प्यावर आला, हे परीक्षणात छापावे, ही विनंती.

– चित्रपटाचा एक अभ्यासक, पुणे