मामा, दोऱ्याबद्दल आभार

मामा,
सप्रेम नमस्कार.

तुम्ही मोबाईलवर काही वाचत नाही हे ठाऊक आहे, पण हे नातीकडून वाचून घ्या. समोर येऊन आभार मानायला लागलं की तुम्ही "त्यात काय एवढं" म्हणता आणि चहा सांगता, विषय तिथेच संपतो. म्हणून हे उघड पत्र. शिवाय हाताने लेदर शिवायला लागलेली मुलं-मुली मला सारखी विचारतात, "ताई, दोरा कुठला घेऊ?" त्यांना उत्तर मिळेल आणि ते मूळचं कुणाचं आहे तेही कळेल.

मी तुमच्याकडे पहिल्यांदा आले ती मैत्रिणीची विकतची बॅग दुरुस्तीला घेऊन. हँडल जिथे जोडलं होतं, तिथलं चामडं टाक्यांच्या ओळीतून पोस्टाच्या तिकिटासारखं फाटून आलं होतं. दोरा मात्र धडधाकट, ओढूनही तुटेना. तुम्ही आरीच्या, म्हणजे चामड्याला भोक पाडायच्या टोच्याच्या, टोकाने तो जरासा उचललात आणि नखाने त्याची जाडी दाखवलीत. बारीक, चिवट नायलॉन आणि एकमेकांना खेटून घातलेले टाके. "दोऱ्यानंच चामडं कापलं," तुम्ही म्हणालात. "दोरा तुटला असता तर पाच मिनिटांचं काम होतं. आता आतून तुकडा लावावा लागंल."

तेव्हापासून मी रीळ हातात घेताना वेगळाच प्रश्न विचारते. सगळ्यांना सगळ्यात मजबूत दोरा हवा असतो. दुकानदारही "तुटणारच नाही" म्हणून विकतो. तुमचं म्हणणं असं की शिवणीत काही जायचंच असेल तर दोरा जावा, कारण दोरा उसवून त्याच भोकांतून पुन्हा शिवता येतं आणि फाटलेलं चामडं काही सांधून पहिल्यासारखं होत नाही. त्यात आपला हाताचा टाका मुळातच भरवशाचा. एकाच दोऱ्याला दोन सुया, दोन्ही बाजूंनी येऊन एकाच भोकातून जाणाऱ्या. कुठे एक टाका झिजून तुटला तरी शेजारचे धरून राहतात. मशीनच्या शिवणीत वरचा आणि खालचा दोरा नुसते एकमेकांत अडकलेले असतात, एक तुटला की ओळ उसवत जाते. मशीनवाल्याला तुटणारा दोरा परवडत नाही, हे समजतं. आपण त्याची नक्कल कशाला करायची?

जाडी तुम्ही कधी आकड्यांत सांगितली नाहीत. दोरा बोटांत फिरवून "हा बसंल" किंवा "हा पोकळ राहील" एवढंच. आकडे मी नंतर लावले, ते नव्या मंडळींसाठी इथे देते. पाकिटाचं पातळ, मिलिमीटरभर चामडं असेल तर टाक्यांमध्ये 3 मिमी अंतर आणि अर्ध्या मिमीच्या आसपास दोरा. कमरेच्या पट्ट्याला 4 मिमी अंतर आणि 0.8 मिमीपर्यंत दोरा. लांबी शिवणीच्या चौपट धरायची, चामडं जाड असेल तर आणखी थोडी. रिळावरच्या नंबरांवर मात्र डोळे झाकून विसंबू नका. टेक्स म्हणजे 1000 मीटर दोऱ्याचं ग्रॅममधलं वजन, त्यामुळे आकडा मोठा तर दोरा जाड. फ्रेंच लिननच्या रिळावर नेमकं उलटं, 532 नंबर साधारण 0.57 मिमी आणि 632 त्याहून बारीक, 0.51. सरळ मिलिमीटर विचारावेत, भांडण मिटतं.

दोरा कशाचा, हे ओळखायची तुमची पद्धत मी अजून तशीच वापरते. टोक लायटरवर धरायचं. लिनन कागदासारखं जळून राख होतं, पॉलिएस्टर आणि नायलॉन वितळून त्याचा टणक मणी बनतो. मग उरलेला तुकडा दोन्ही हातांत ताणायचा. नायलॉन जास्त ताणला जातो आणि सोडला की मागे येतो, म्हणून ताणून घातलेले टाके नंतर आखडतात आणि पातळ चामड्याला सुरकुत्या पडतात. शिवाय उन्हात तो पॉलिएस्टरच्या आधी कमकुवत होतो. माझ्या कामात नायलॉन जवळपास नाहीच. चप्पल, पट्टा, कुत्र्याचा पट्टा, म्हणजे जिथे घाम आणि पावसाळा ठरलेला, तिथे मेण लावलेलं पॉलिएस्टर. पाकीट, डायरीचं कव्हर यांना लिनन, कारण लिननचा टाका चामड्यात बसतो आणि वापरून वापरून छान दिसतो. हे शेवटचं माझं मत आहे. तुम्हाला दिसण्याशी फारसं देणंघेणं नाही, हे तुम्ही मला तोंडावर सांगितलेलं आहे! शिवायचा साधा सुती दोरा तर तुम्ही हातात घ्यायलाच तयार नसता.

जर्मनीचं ते विणलेलं, चपटं पॉलिएस्टर, रिट्झा 25, मी मोठ्या कौतुकाने तुम्हाला दाखवायला आणलं होतं. तुम्ही त्याचा पीळ उलगडायला गेलात आणि उलगडेना, तेव्हा खूश झालात. शिवताना पीळ सुटत नाही, धागे पिंजत नाहीत, हे तुमच्या बोटांना माझ्याआधी कळलं. मग किंमत ऐकलीत आणि रीळ परत माझ्या हातात ठेवलंत.

तुमच्या वडिलांच्या मोटेची गोष्ट मी शिकायला येणाऱ्या सगळ्यांना सांगते. विहिरीतून पाणी उपसायची चामड्याची मोट ते शिवायचे, आणि तिला दोरा नसायचाच, चामड्याचीच वादी, म्हणजे बारीक पट्टी. दिवसभर पाण्यात आणि मग उन्हात राहणाऱ्या वस्तूला शिवणही तिच्याच जातीची हवी, चामड्याबरोबर फुगणारी आणि आवळणारी, असं तुम्ही समजावलं होतंत. कोल्हापुरी चपलेतली वादी मी लहानपणापासून पाहत आले, पण ती तिथे का आहे हे मला तुमच्या त्या बोलण्यातून कळलं.

आणि बकलाजवळचे काळे डाग. बाभळीच्या सालीने कमावलेल्या चामड्यावर ओलं लोखंड टेकलं की काळं पडतं आणि ते पांढऱ्या दोऱ्यातही चढतं, हे तुम्ही वेळेत सांगितलंत म्हणून माझ्या पट्ट्यांना पितळी बकल लागली. गिऱ्हाइकांना वाटतं मी हौशी आहे.

या सगळ्याचे पैसे तुम्ही कधी घेतले नाहीत. दिवाळीआधी मी येतेय, फराळ आणि मधाच्या पोळ्याच्या शुद्ध मेणाची वडी घेऊन. नाही म्हणायचं नाही.

तुमची,
बेल्टवाली ताई

ता. क. तुम्ही दोऱ्याला लावता त्या मेणाच्या गोळ्यात राळ किती घालता, ते अजून सांगितलेलं नाही. विचारलं की "अंदाजानं" म्हणता. या वेळी मी वजनकाटा घेऊन येणार आहे.