तुझं पार्सल पलंगाखाली आहे

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

परवा दुपारी तुझं पार्सल आलं. आणून देणाऱ्या मुलाला ते एकट्याला उचलवेना, म्हणून मी खाली उतरलो आणि दोघांनी मिळून वर आणलं. खोक्यावरच सायलेन्सरचं चित्र छापलेलं आहे, तेव्हा आत काय आहे हे विचारायची वेळ आली नाही. संध्याकाळी तुझा फोन आला. "बाबा, तुमच्या सूनबाईसमोर काही बोलू नका, मी हळूच येऊन घेऊन जाईन." मी "बरं" म्हणालो. ते "बरं" तेव्हापासून घशाशी अडकलंय. फोनवर बोलायला गेलो की तू दुसऱ्याच वाक्याला "हो बाबा, हो बाबा" सुरू करतोस, म्हणून लिहायला बसलो.

आधीच सांगून टाकतो, गाडी मॉडिफाय करायला माझी हरकत नाही. असणार तरी कशी? मी ब्रेकचे लायनर बदलत असताना बॅटरी तुझ्या हातात असायची, आणि उजेड मला हवा तिथे न पडता तुला जे बघायचं असेल तिथे पडायचा. ही आवड घरातलीच आहे, तू ती बाहेरून आणलेली नाहीस. मला बोलायचंय ते पैशांबद्दल, आणि त्याहून जास्त त्या "हळूच"बद्दल.

तू चार वर्षांचा होतास तेव्हा मी गाडीला अलॉय व्हील, म्हणजे मिश्रधातूची चाकं, बसवली. आपल्या गाडीचे मूळ टायर १५५/८० आर १३, म्हणजे १५५ मिलिमीटर रुंद आणि १३ इंची चाकाचे. मी घेतली १४ इंची चाकं आणि त्यावर १८५/६५ चे टायर. दुकानदाराने भाव सांगितला तो नुसत्या चाकांचा, आणि मी तेवढाच आकडा डोक्यात धरला. मग टायर आले. मग कळलं की अलॉयला जुने नट चालत नाहीत, त्यांची बैठक वेगळी असते, म्हणून नट आले. बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट (चाकं सरळ रेषेत लावणं) झालं. गाडी घरी आली आणि पहिल्याच रविवारी तुम्ही सगळे मागे बसल्यावर वळणावर टायर मडगार्डला घासायला लागला, म्हणून मडगार्डची आतली कड ठोकून घेतली. व्यास ५७८ मिलिमीटरवरून ५९६ वर गेला होता, रुंदी ३० मिलिमीटरने वाढली होती. हे गणित मी चाकं घेतल्यानंतर केलं. काटा ८० दाखवायचा तेव्हा गाडी साडेब्याऐंशीने पळत असायची. शेवटी ध्यानात आलं की स्टेपनी जुन्याच मापाची राहिली आहे, म्हणजे पंक्चर झालं की एक चाक बुटकं. मग पाचवं चाक. दुकानदाराचा आकडा १०० धरलास तर सगळं मिळून १८० झालं. त्या माणसाने मला फसवलं असं मी म्हणणार नाही. मी विचारलंच नाही, त्याने सांगितलं नाही.

पैसे होते का? नव्हते. दोन वर्षांच्या हप्त्यांवर घेतलं.

आणि तुझ्या आईला मी निम्मा आकडा सांगितला.

तिने काही विचारलं नाही, मला वाटलं खपलं. गेल्या महिन्यात माळा रिकामा करताना तिच्या हिशेबाच्या जुन्या वह्या निघाल्या, त्यात त्या वर्षाची सापडली. तुला ठाऊक आहे ती कशी लिहायची, डावीकडे बाब, उजवीकडे आकडा, निळ्या शाईत, एक ओळ सोडून. त्या महिन्याच्या पानावर लिहिलंय, "गाडीची चाकं (यांनी सांगितली तेवढी)". पुढे माझा निम्मा आकडा. कंसातलं अक्षर थोडं बारीक आहे. त्याच्या दोन ओळी खाली, "बाळाचे बूट, पुढच्या महिन्यात". मी वही तिला दाखवली. ती म्हणाली, "शर्ट धुवायला टाकताना खिशात पावती होती." एवढंच, आणि पुढचं खोकं उघडायला लागली.

मला त्या चाकांचा पश्चात्ताप फारसा नाही. गाडी दिसायची झकास, हे आजही सांगतो. पण तिला इतकी वर्षं खरा आकडा माहीत होता आणि मी मात्र मोठ्या हुशारीत वावरत होतो. सायलेन्सर पलंगाखाली सरकवताना नेमकं हेच आठवत होतं.

आता तुझं बघू. घराचे हप्ते, गाडीचे हप्ते, वर्षभरात पोरीची शाळा. मी तुझा पगार विचारत नाही. एवढंच विचारतो, उद्या पगार थांबला तर घर किती महिने चालेल? निदान तीन, जमलं तर सहा महिन्यांचा खर्च बाजूला नसेल, तर सायलेन्सरचे पैसे गेले ते त्या गाठोड्यातून गेले, मग कार्ड कुठलंही घासलं असलंस तरी. आणि कार्ड घासलं असशील तर घाम फुटेल असा हिशेब सांगतो. महिन्याला ३ टक्के ऐकायला काहीच वाटत नाही. पण थकबाकी तशीच ठेवली तर वर्षात १०० चे जवळपास १४३ होतात आणि दोन वर्षांत दुपटीहून थोडे जास्तच. गाडीच्या कर्जातच चार पैसे वाढवून घेण्याचा मार्गही लोक सुचवतात. १० टक्क्यांनी पाच वर्षं म्हणजे १०० च्या वस्तूला साडेसत्तावीस जास्त. टायरसारखी वस्तू असेल तर ती पाच वर्षांच्या आत झिजून जाते आणि हप्ते चालूच राहतात. माझे हप्ते दोनच वर्षांचे होते म्हणून मी त्यातून सुटलो. पुढे ती गाडी विकली. घेणाऱ्याने पहिला प्रश्न केला, "मूळ चाकं आहेत का?" ती मी भंगारात दिली होती. अलॉयसाठी त्याने एक पैसा जास्त दिला नाही, उलट घासाघीस केली. म्हणून तुझा कंपनीचा सायलेन्सर काढशील तो जपून ठेव. ग्रीस लावून, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून, आमच्या माळ्यावर टाकलास तरी चालेल, जागा झाली आहे आता.

तुला राग येईल, पण या सायलेन्सरने हाती काय लागणार ते आधी बघ. तुझं इंजिन साधं आहे, टर्बो नाही. अशा इंजिनात कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या (धूर स्वच्छ करणाऱ्या डब्याच्या) मागचा भाग बदलून ताकद फार तर नावाला वाढते, वाढतो तो आवाज. आवाज हवा असेल तर तसं म्हण, आवडीला कारण लागत नाही. पण "मायलेज वाढेल, इंजिन मोकळं होईल" असं घरी पटवायला जाऊ नकोस, सूनबाई तुझ्यापेक्षा लवकर शोधून काढेल. कन्व्हर्टरला मात्र हात लावू नकोस. तो काढला की मागचा सेन्सर बोंब मारतो, डॅशबोर्डवर पिवळा दिवा पेटून राहतो, आणि गाडीचा धूर तुझ्याच पोरीच्या नाकात जातो. विमा कंपनीला कळवलं आहेस का? वॉरंटी उरली असेल तर तिचे कागद वाचलेस का? ही दोन कामं आज फुकट आहेत. अपघातानंतर तेच प्रश्न ते विचारतील, तेव्हा फुकट नसतील.

खरं सांगायचं तर माझ्या हातात असतं तर मी तुझे पैसे आधी टायरवर घातले असते. मागच्या खेपेला तुझ्या गाडीच्या पुढच्या डाव्या टायरवरून बोट फिरवलं. आतली बाजू जवळजवळ गुळगुळीत आहे, बाहेरची बरी. म्हणजे अलाइनमेंट बिघडलंय. वर उभं राहून बघितलं तर कळत नाही, स्टिअरिंग पूर्ण वळवून मागून बघावं लागतं. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदलायचं असतं, ते हवेतला ओलावा शोषून घेतं आणि घाटात ब्रेक तापले की त्या पाण्याची वाफ होऊन पेडल खाली जातं. तू शेवटचं कधी बदललंस? ६० च्या जागी ८५ ने गेलास की ब्रेक लागल्यावर थांबायला दुप्पट अंतर लागतं. गाडी जास्त जोरात ओरडायला लागली की माणूस ती जास्त जोरात चालवतो, हे मी स्वतःवरून सांगतो. टायर आणि ब्रेक दिसत नाहीत, मित्र "वा" म्हणत नाहीत. पण त्या खर्चाला मॉडिफिकेशनच समज, गाडी सगळ्यात जास्त बदलते ती त्याने.

आणि दिवे. तू बोलता बोलता १०० वॅटच्या बल्बचा विषय काढला होतास. मी बसवले होते, ५५ च्या जागी. १२ व्होल्टवर ५५ वॅटला साधारण साडेचार अँपिअर लागतात, १०० ला आठच्या वर. कंपनीची वायर तीच, म्हणजे तिच्यातली उष्णता तिपटीहून जास्त. तिसऱ्या रात्री जळक्या प्लॅस्टिकचा वास आला. बॉनेट उघडलं तर होल्डर विरघळून बल्बला चिकटलेला. रिले (दिव्याचा प्रवाह वेगळ्या वायरने चालू-बंद करणारा स्विच), फ्यूज आणि जाड वायर यांचा खर्च धरूनच बल्बची किंमत ठरव, नाहीतर राहू दे.

पैशाची सोय कशी करायची, तर आम्ही पुढे काय केलं ते सांगतो. चाकांचे हप्ते संपले तेव्हा तुझी आई म्हणाली, आता तो हप्ता चालूच ठेवा, फक्त आपल्याच खात्यात. त्यातून आधी वर्षाचा विमा, सर्व्हिसिंग आणि टायर यांचा बारावा हिस्सा दर महिन्याला बाजूला पडायचा. उरलेल्याचे दोन सारखे भाग, एक तिचा, एक माझा, आणि त्याचा हिशेब कुणी कुणाला द्यायचा नाही. माझ्या भागातून मी पुढे सीट कव्हर, हॉर्न, स्टिरिओ, सगळं केलं. सावकाश झालं. स्टिरिओला चौदा महिने लागले, आणि तेवढ्यात मी तीन वेळा मत बदललं, म्हणजे तीन स्टिरिओंचे पैसे वाचले.

तुझ्या घरात सूनबाईच्या भागाचंही लक्षात ठेव. मागच्या खेपेला दिवाणखान्यात ती माझ्या शेजारी बसून फोनवर कुठल्याशा कोर्सची माहिती वाचत होती. फीच्या आकड्यापर्यंत आली, थोडा वेळ थांबली आणि पान बंद केलं. मी काही बोललो नाही, तिलाही वाटलं असेल मी पाहिलं नाही. तुझा सायलेन्सर आणि ती फी यांत कुणाचा आकडा मोठा आहे मला ठाऊक नाही. तुम्ही दोघांनी एका कागदावर मांडून बघा.

तेव्हा माझं उत्तर असं आहे. खोका मी उघडलेला नाही, पावतीही तशीच चिकटवलेली आहे, परत पाठवायचा असेल तर पाठवता येईल. कुणाला सांगणार नाही, पण तुला एकट्याला देणारही नाही. रविवारी दोघं या, पोरीलाही आणा. पावती सूनबाईच्या हातात दे. त्यानंतर ठेवायचं ठरलं, तर मी खाली येतो, जॅक आणि स्टँड दोन्ही आहेत, नुसत्या जॅकवर गाडीखाली जायचं नाही. शनिवारी रात्री इंजिन गार झालं की सायलेन्सरच्या नटांवर गंज सोडवणारं तेल सोडून ठेव, नाहीतर जुने बोल्ट तुटतात आणि अर्धा दिवस तिथेच जातो. सायलेन्सर टांगायचे रबरी हँगर नवे दोन घेऊन ये, जुन्यांना चिरा पडल्यात.

बॅटरी या वेळी मी धरतो.

तुझा,
बाबा