बेड मिळाला, पण रात्री पेशंटकडं बघणारं कोण?

संपादक साहेब, नमस्कार.

आपल्या सीमाभागात दवाखान्याचा विषय निघाला की पहिल्यांदा सरकारी योजनेच्या कार्डाचाच निघतो. महाराष्ट्राची महात्मा फुले आरोग्य योजना कर्नाटकातल्या ८६५ सीमावर्ती गावांना नीट मिळणार की नाही, आयुष्मान कुठं चालतंय, खानापूरच्या माणसानं बेळगावलाच जायचं का, निपाणीवाल्यांनी कोल्हापूर-मिरज का गाठायचं, यावर चर्चा होते आणि व्हायलाच पाहिजे. पण समजा कार्ड चाललं, बेड मिळाला, पेशंट अ‍ॅडमिट झाला, तर पुढं रात्री दोन वाजता त्याच्याकडं कोण बघतंय? डॉक्टर नव्हे, सिस्टर. ती बऱ्याचदा नुकतीच पास झालेली पोरगी असते आणि अख्खा वॉर्ड तिच्या एकटीच्या गळ्यात असतो. तिला बेसिक कामं हातानं येतात का हे कुणी बघितलंय का, याबद्दल कोणच बोलत नाही म्हणून लिहितेय. माझी सगळी नोकरी वॉर्डातच गेली, आता रिटायर आहे, त्यामुळं बोलायला कुणाची भीती नाही.

बेसिक म्हटलं की लोकांना इंजेक्शन आणि सलाईन आठवतं. मी आधी श्वास मोजणं म्हणेन. बऱ्याच दवाखान्यांतला टीपीआर चार्ट (टेंपरेचर, पल्स, रेस्पिरेशन म्हणजे श्वास लिहायचा तक्ता) उघडून बघा, टेंपरेचर कमीजास्त, पल्स कमीजास्त आणि रेस्पिरेशनच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत २०, २०, २०. न्यूमोनियाचा म्हातारा पण वीस आणि हर्नियाचं ऑपरेशन झालेला तरणा गडी पण वीस. मोजलेलं नसतं ओ ते, भरलेलं असतं. निवांत पडलेल्या मोठ्या माणसाचा श्वास मिनिटाला १२ ते २० असतो, २५ च्या वर गेला की डॉक्टरला उठवायचंच, मग डॉक्टर ओरडू दे नाहीतर काय करू दे. पेशंट बिघडायला लागला की बीपी पडायच्या आधी पुष्कळदा श्वासच वाढतो. बोटाला लावतात त्या मशीनवर विसंबून चालत नाही, ऑक्सिजन लावलेला असला की आकडा ९७-९८ छान दिसतो आणि आत माणूस धापा टाकत असतो. मोजायचं कसं तर पल्स बघतोय असं दाखवून मनगट धरून ठेवायचं आणि छातीकडं बघत पूर्ण एक मिनिट मोजायचं, कारण तुमचा श्वास मोजते म्हणून सांगितलं की पेशंट लगेच वेगळाच श्वास घ्यायला लागतो. ही गोष्ट पुस्तकात एका ओळीत असते, पण हाताला वळण लागायला कुणीतरी शेजारी उभं राहून करून घ्यावं लागतं.

इंग्लंडमध्ये २०१२ साली यासाठी एक तक्ता काढला, २०१७ ला सुधारला, न्यूज (नॅशनल अर्ली वॉर्निंग स्कोअर) म्हणतात त्याला. श्वास, ऑक्सिजन, वरचं बीपी, पल्स, टेंपरेचर आणि पेशंट शुद्धीवर किती आहे अशा सहा गोष्टींना मार्क द्यायचे, जेवढं बिघडलेलं तेवढे जास्त, ऑक्सिजन चालू असेल तर त्याचे दोन जादा. बेरीज ५ झाली की डॉक्टरला लगेच बोलवायचं, ७ झाली की इमर्जन्सी. एवढंच. त्याला लाखाचं मशीन लागत नाही, एक छापील कागद लागतो, आणि नवीन पोरीला त्याचा मोठा आधार होतो, कारण "सर, मला पेशंट बरा वाटेना" म्हटलं तर झोपेतला डॉक्टर सकाळी बघू म्हणतो, पण "सर, स्कोअर ७ आहे" म्हटल्यावर उठावंच लागतं.

आता डेंग्यूचं घ्या. पाऊस सुरू झाला की आपल्याकडं वॉर्ड भरतात आणि सगळे नातेवाईक एकच विचारतात, प्लेटलेट किती आल्या. पपईच्या पानाचा रस, किवी, सगळं सुरू असतं. तिसऱ्या ते सातव्या दिवसात कधीतरी ताप उतरतो, घरचे खूश, डिस्चार्ज मागायला लागतात. अहो, धोका तिथंच सुरू होतो. ताप उतरतानाच रक्तातलं पाणी रक्तवाहिन्यांतून बाहेर झिरपतं आणि पेशंट शॉकमध्ये जाऊ शकतो. ते कसं कळतं? बीपीवरून, पण नुसतं वरच्या आकड्यावरून नाही. वरचं १०० आणि खालचं ८५ असलं तर शिकाऊ सिस्टर "शंभर आहे, नॉर्मल" लिहून पुढं जाते. फरक बघायचा असतो, तो २० किंवा त्याच्या खाली आला की घंटा वाजली पाहिजे. सोबत हातपाय गार पडलेत का, लघवी कमी झालीय का, पोटात दुखतंय का, सारखी उलटी होतेय का, हे हात लावून, विचारून बघायचं असतं. प्लेटलेटचा रिपोर्ट लॅबमधून येईल तेव्हा येईल, हे मात्र खाटेजवळच कळतं.

दुसरी भीती वाटते ती इन्शुलिनची. आपल्या देशात एका मिलीत ४० युनिटची बाटली पण मिळते आणि १०० युनिटची पण. सिरिंज वेगवेगळ्या, ४० ची लाल टोपीची, १०० ची नारिंगी. घाईत बाटली १०० ची आणि सिरिंज लाल टोपीची घेतली, २० च्या रेघेपर्यंत भरलं, तर पेशंटला २० नाही, ५० युनिट जातं. उलटं झालं तर २० च्या जागी ८ च. पहिल्या चुकीत रात्री शुगर कोसळते आणि सगळ्यांना वाटतं पेशंट शांत झोपलाय. डोस भरताना दुसऱ्या सिस्टरला बाटली आणि सिरिंज दोन्ही दाखवून मगच टोचायचं, हा नियम कागदावर सगळीकडं आहे, पण रात्री दुसरी सिस्टरच नसेल तर दाखवायचं कुणाला?

नावाचं तसंच. आपल्या भागात एका वॉर्डात दोन मारुती पाटील असणं काय नवलाचं नाही. "तुम्ही मारुती पाटील ना?" असं विचारलं की गुंगीतला किंवा कमी ऐकू येणारा माणूस हो म्हणून मोकळा होतो. "नाव सांगा" म्हणायचं आणि हातातल्या पट्टीवरचा नंबर फाईलशी लावून बघायचा, मगच गोळी.

बाकीच्या गोष्टी पण आहेत, लिहायला बसलं तर पान भरेल. अंथरुणाला खिळलेल्या पेशंटची साधारण दर दोन तासाला कूस बदलायची आणि टाचा, माकडहाड बघायचं. नाकातल्या नळीतून पेज द्यायच्या आधी नळी जागेवर आहे का बघायचं, डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश वर करायची, आडवं ठेवून दिलं तर पेज फुफ्फुसात. हे काम आपल्याकडं सर्रास नातेवाईकांवर ढकलतात आणि कसं द्यायचं ते दाखवत पण नाहीत. आणि एका पेशंटवरून दुसऱ्याकडं जाताना हात साफ करायचे, हँडरब (हाताला चोळायचं सॅनिटायझर) असेल तर २० ते ३० सेकंद लागतात, त्याची बाटली प्रत्येक खाटेला नसली तर पोरींना बोलून उपयोग नाही.

पोरींना दोष देऊन मला मोकळं व्हायचं नाही. नर्सिंगचा जीएनएम डिप्लोमा तीन वर्षांचा, बीएस्सी चार वर्षांचं, पहिल्याच वर्षी नर्सिंग फाउंडेशन हा विषय असतो, म्हणजे शिकवत नाहीत असं नाही. पण पुतळ्यावर एकदा करायचं, वॉर्डात एका खाटेभोवती घोळक्यानं उभं राहून बघायचं, लॉगबुकात सही घ्यायची आणि उरलेला वेळ रिपोर्ट आणायला, फायली लावायला पळायचं, असं बऱ्याच ठिकाणी चालतं. पास झाली की छोट्या नर्सिंग होममध्ये पहिल्या आठवड्यात नाईट. पगाराचं तर बोलूच नका. सुप्रीम कोर्टानं २०१६ च्या जानेवारीत सांगितल्यावर केंद्राची समिती बसली आणि ५० खाटांच्या आतल्या खासगी दवाखान्यातसुद्धा नर्सला किमान २०,००० द्या म्हणून तिनं शिफारस केली. आज आपल्याकडं किती जणींना तेवढे मिळतात ते त्यांनाच विचारा. हात तयार झाला की ती पोरगी गोव्याला, पुण्याला, बेंगळूरला नाहीतर गल्फला जाते, आणि इथं परत नवीन येते, परत पहिल्यापासून.

भाषेचं पण एक आहे, पण त्यावरून वाद घालायला मी लिहीत नाही. जांबोटीकडची आजी "घाबरं घाबरं करतंय बाई" म्हणाली आणि सिस्टर लांबून आलेली असली तर तिला ती भीती वाटते, दम लागलाय हे कळत नाही. तसंच आपल्या मराठी पोरींना कन्नड पेशंटचं. दोन्ही भाषेतल्या अशा नेमक्या तक्रारी नवीन सिस्टरला पहिल्या आठवड्यात शिकवायला काय लागतं?

कर्नाटकात खासगी दवाखान्यांना २००७ च्या केपीएमई (खासगी दवाखान्यांच्या) कायद्याखाली नोंदणी घ्यावी लागते, जिल्ह्याच्या समितीवर डीसी साहेब, म्हणजे जिल्हाधिकारी, प्रमुख असतात. त्यांना माझी विनंती आहे की खाटा आणि खोल्या मोजता तसं सिस्टरना प्रत्यक्ष काम करायला लावून बघा, जमल्यास रात्रीचं बघा. नवीन सिस्टरला पहिले तीन महिने एकटीला नाईट देऊ नये आणि तिच्या जोडीला अनुभवी सिस्टर असावी, असा नियम जिल्ह्यापुरता तरी करा. छोट्या दवाखान्यांना स्वतःची स्किल लॅब (पुतळ्यांवर हातानं सराव करायची खोली) परवडत नाही हे मान्य, पण बिम्ससारख्या (बेळगावचं सरकारी मेडिकल कॉलेज) सरकारी संस्थेनं किंवा मोठ्या कॉलेजांनी आठवड्यातून एक दुपार त्यांच्या सिस्टरांसाठी लॅब उघडी ठेवली तर कुणाचं काय जातंय? माझ्यासारख्या रिटायर झालेल्या बेळगाव-खानापुरात भरपूर आहेत, शिकवायला येतील, मी तर येईनच.

नातेवाईकांना पण एक सांगते. सलाईन लवकर संपावं म्हणून नळीवरचं ते चाक फिरवू नका. ५०० ची बाटली ४ तासात द्यायची असेल तर २० थेंबांना एक मिली पडणाऱ्या सेटवर मिनिटाला साधारण ४२ थेंब येतात, हार्टच्या किंवा किडनीच्या पेशंटला ते भराभर सोडलं तर छातीत पाणी होऊन दम लागतो. आणि ड्यूटी बदलते तेव्हा शक्य असेल तर खाटेजवळ थांबा. जाणाऱ्या सिस्टरनं येणाऱ्या सिस्टरला टेबलावर नाही, तुमच्या पेशंटच्या खाटेशी उभं राहून चार्ज दिला पाहिजे, म्हणजे सगळी माहिती सांगितली पाहिजे, नवीन औषध कुठलं, कशाची अ‍ॅलर्जी, लघवी किती झाली, डॉक्टरला कशासाठी बोलवायचं. देत नसतील तर नीट शब्दात मागा, सिस्टरवर ओरडू नका, तिच्याकडं अजून अख्खा वॉर्ड बाकी असतो.

एक रिटायर्ड वॉर्ड सिस्टर, ता. खानापूर, जि. बेळगाव