चतुर्थीआधीची तारीख

फोंडा, गोवा

चि. सौ. मेधा हिस अनेक आशीर्वाद.

काल फोनवर माझा आवाज चढला, ते मनाला लावून घेऊ नकोस. ‘चतुर्थी झाली की बायोप्सी करीन’ असे तू म्हणालीस आणि मला भीती वाटली, म्हणून मी रागावले.

तू पाठवलेला मॅमोग्राफीचा, म्हणजे स्तनाच्या एक्स-रेचा, फोटो मी बाबांच्या भिंगातून पाहिला. चिमटीतून बारीक मीठ सांडावे तसे पांढरे कण एका जागी दिसले. दुसऱ्याच दिवशी इथल्या डॉक्टरीणबाईंना विचारून आले. हे कण कॅल्शियमचे असतात. मोठे, जाड कण वयामुळे किंवा जुन्या माराने साचतात आणि ते बहुधा निरुपद्रवी असतात. पण अर्ध्या मिलिमीटरहून लहान कण झुबक्याने जमले किंवा दुग्धनलिकेच्या रेषेत पसरले, तर नलिकेतच सुरू झालेल्या कर्करोगाची ती खूण असू शकते. तुझ्या अहवालात बायरॅड्स ४ए ही संशयाची श्रेणी लिहिली आहे, म्हणजे ती शक्यता २ ते १० टक्के. शंभरातल्या नव्वदजणींना तरी काही निघत नाही, हे मी दिवसातून दहादा घोकते. तरीही तारीख पुढे ढकलू नकोस.

गाठ लागत नाही, सोनोग्राफी स्वच्छ आहे, हे तुझे म्हणणे खरे. पण असे कण हाताला लागत नाहीत आणि सोनोग्राफीत पुष्कळदा दिसतही नाहीत. अक्कानेही ‘शिगमो होऊ दे’ म्हटले होते. हे लिहायचे नव्हते, क्षमा कर.

एक चूक माझी. कॅल्शियमचे नाव ऐकून दूध आणि नाचणीचे सत्त्व बंद कर, असे मीच सांगितले. खाण्यातल्या कॅल्शियमचा या कणांशी संबंध नाही. आजपासून पुन्हा घे.

मागे एकदा चतुर्थीला, गणपतीवर टांगतात त्या फळाफुलांच्या माटोळीला सुपारीचे शिपटे बांधताना तू स्टुलावरून पडलीस, कोपर टम्म सुजले, आणि आरती संपेपर्यंत कुणाला कळू दिले नाहीस. तुझ्या त्या सोसण्याचे कौतुक मी वाडाभर सांगितले. सांगायला नको होते.

बायोप्सीला भूल त्या जागेपुरतीच देतात, एक्स-रेवर कण पाहत सुई घालतात आणि बहुधा त्याच दिवशी घरी सोडतात. यंदा माटोळी बाबा बांधतील. तू चतुर्थीआधीची तारीख घेऊन कळव, म्हणजे मी मडगावहून पुण्याचे तिकीट काढते.

तुझी,
आई