आजीबद्दल लिहिताना

प्रिय बाळा,

तू पाठवलेला आजीच्या मृत्युलेखाचा मजकूर रात्री दोनदा वाचला. ‘प्रेमळ, कष्टाळू, मनमिळाऊ’ हे सगळं खरंच आहे, पण त्यात मला माझी आई सापडेना. तू पहिलीत असताना तुझ्याच पुस्तकावरून ती अक्षरं गिरवायला बसली आणि साठी उलटल्यावर बँकेत अंगठ्याऐवजी सही करून आली. ते लिही. मग ‘जिद्दी’ म्हणायची गरजच उरणार नाही.

निधनाची बातमी आणि मृत्युलेख वेगळे ठेव. बातमीत नाव, वय, अंत्यविधीची जागा आणि वेळ एवढंच असू दे. जाहिरातीचे पैसे जागेनुसार लागतात आणि लोकांना वेळेवर कळायला हवं, म्हणून ती आजच जाऊ दे. मृत्युलेखाला घाई नाही.

नाव कागदपत्रांवरून तपासून घे. 1888 साली लुडविग नोबेल वारले, तेव्हा फ्रान्समध्ये त्यांच्या धाकट्या भावाच्या, ज्याच्या नावाने नोबेल पारितोषिक दिलं जातं त्या आल्फ्रेडच्या मृत्यूची बातमी छापून आली होती. आजीचं माहेरचं नावही घाल. तिच्या लहानपणीच्या मैत्रिणी तिला त्याच नावाने ओळखतात. जन्माचं वर्ष पुरे, पूर्ण तारीख आणि घरचा पत्ता नको. अशा माहितीचा गैरवापर होतो, शिवाय अंत्यविधीच्या वेळी घर रिकामं असणार हेही चोराला कळतं. ‘अल्पशा आजाराने’ मात्र लिहू नकोस. चार वर्षं सोसलं तिने. ‘दीर्घ आजाराने’ म्हण. आजाराचं नाव द्यायचं की नाही, ते आम्ही भावंडं ठरवू.

आता ‘त्यांच्या पश्चात’ची ओळ. तुझे आजोबा गेले तेव्हा सगळा मजकूर मीच लिहिला होता, पहाटे, एकट्याने. त्यात तुझ्या थोरल्या आत्याचं नाव राहून गेलं. ती कधी एका शब्दाने बोलली नाही. पण काही वर्षांनंतर तिच्या कपाटात ते कात्रण दिसलं आणि त्यात समासात तिने पेन्सिलीने स्वतःचं नाव लिहिलेलं होतं. मला अजून तिच्याकडे तो विषय काढता आलेला नाही. म्हणून यादी आठवणीवर सोडू नकोस. जे आजीच्या आधी गेले त्यांचीही नावं घे, आणि रात्री तिच्या उशाशी बसणाऱ्या ताईंचंही. रक्ताचं नातं नसलं म्हणून काय झालं?

लिहून झालं की आधी आत्याला फोन करून मोठ्याने वाचून दाखव. ती जिथे थांबवेल तिथे बदल कर, मला विचारत बसू नकोस.

तुझा,
बाबा